माळावरची बंद घरं

आमच्या घरात चुलीच्या वरच्या भिंतीला एक लांब खिळा आहे. दिवाळी झाली की त्या खिळ्याला चाव्या लटकायला लागतात. माळावरच्या वस्तीतली माणसं ऊसतोडीला निघाली की त्यांचा ट्रॅक्टर आमच्या दारापुढे थांबतो. बाया एकेक करून खाली उतरतात आणि आपल्या घराची चावी माझ्या हातात देतात. कुलपं सगळ्यांची एकाच दुकानातली, त्यामुळे चाव्याही सारख्याच दिसतात. म्हणून मी ज्या त्या चावीला ज्या त्या बाईच्या साडीची चिंधी बांधते. हिरव्या काठाची चिंधी माझ्या थोरल्या जावेची.

चाव्या माझ्याकडे असतात, कारण आम्ही कुठं जात नाही. माझे मालक गावातल्या पिठाच्या गिरणीवर असतात. चार-आठ दिवसांनी मी ओढा ओलांडून माळावर जाते, पत्रा उडाला का, कुत्र्यांनी दारापुढं काही उकरलं का, ते बघते. संक्रांतीला मात्र न चुकता जाते. प्रत्येक दारापुढं पाणी शिंपडते आणि उंबऱ्याला हळदकुंकू लावते. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. घर बंद असलं तरी उंबऱ्याला हळद असावी, म्हणजे ते ओस पडलं असं होत नाही. बंद घर वेगळं आणि ओस घर वेगळं, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. बंद घराला कुलूप असतं आणि त्याची चावी कोणाकडं तरी असते. ओस घराला विचारणारं कोणी नसतं.

हे मी का लिहिते आहे ते पुढं येईलच. कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

त्या वर्षी गावात घरोघरी नळ देण्याची योजना आली. त्यासाठी पाण्याची कमिटी करायची होती आणि कमिटीत निम्म्या बाया पाहिजेत असा नियम होता. आमच्या सरपंच बाई आहेत, पण बोलतात त्यांचे मालक. ते एक दिवस गिरणीवर दळण घेऊन आले. मी मालकांचा डबा घेऊन तिथंच उभी होते.

"वहिनी, तुमचं नाव टाकलंय कमिटीत," ते म्हणाले.

मी पदर पुढं ओढला. मालक म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? चौथी शिकल्याली हाय, सही येती. आन् मुख्य म्हंजे भांडत न्हाई. बाकीच्या बाया घेतल्या तर पयल्याच मिटिंगला एकमेकीच्या झिंज्या धरतील."

दळणाला आलेली माणसं हसली. मालकही हसले. माझं नाव राहिलं.

वस्तीतली माणसं निघाली तेव्हा ही गोष्ट जावेला कळली होती. मी तिला आक्का म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिची गर्भाची पिशवी काढली. जड उचलायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, पण ऊसतोडीत मोळी उचलल्याशिवाय कसं होणार? तोडायचं, बांधायचं आणि डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायचं, हेच तर काम. घरी असली की ओढ्याच्या अलीकडच्या हातपंपावरून घागर आणायची आणि वर चढताना एक हात ओटीपोटावर धरायची. वाटेत ती तीन वेळा थांबते, हे मी मोजलेलं होतं.

चावी देताना ती म्हणाली, "कमिटीत घेतलं म्हनं तुला."

"व्हय आक्का."

"मग आमच्या दारात तोटी आली पायजे बघ. तिकडं मोळी काय सुटायची न्हाई. हितं तरी घागर सुटू दे."

मी मान हलवली. तिनं माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली आणि वर चढून बसली.

पौष महिन्यात नळयोजनेचे साहेब सर्व्हेला आले. चाळिशीचे असतील, आवाज हळू. कमिटीतल्या बाकीच्या बाया कांद्याच्या लागणीला गेल्या होत्या. सरपंचबाईंचे मालक मला म्हणाले, "वहिनी, साहेबांना घरं दावा. मला तालुक्याला जायचंय." परक्या माणसाबरोबर मी कधी गावातून चालले नव्हते. मी दहा पावलं पुढं चालले, म्हणजे बोलावं लागणार नाही. साहेब प्रत्येक दारात थांबत, माणसं किती, जनावरं किती ते विचारत आणि कागदावर लिहीत. गावठाणात बोलायची पाळी माझ्यावर आली नाही. घरातली माणसंच सांगत होती.

मग ओढा ओलांडून आम्ही माळावर गेलो. वस्तीवर त्या वर्षी मागं राहायला म्हातारं माणूसही उरलं नव्हतं. लेकरं सगळी आईबापांबरोबर गेलेली. पहिल्या घरापुढं साहेब थांबले.

"ताई, हे घर?"

"बंद हाय," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. दुसऱ्या घरापुढं तेच विचारलं, मी तेच सांगितलं. वस्तीत नऊ घरं आहेत आणि नऊ वेळा मी तेच सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. चाव्या माझ्या कमरेच्या पिशवीत होत्या, कारण साहेब गेल्यावर मी घरं उघडून बघणार होते. चालताना त्या वाजत होत्या. काढून दाखवाव्यात असं काही मला सुचलं नाही. कशाला दाखवायच्या?

जावेच्या दारापुढं मी थोडं जास्त बोलले. "माझ्या जावंचं हाय. बंद हाय."

संक्रांत होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. उंबऱ्यावरची हळद ताजी होती. साहेबांनी खाली वाकून बघितलं. "बंद आहे तर हळद कोण लावतं?"

"मी."

"चांगलं करता, ताई," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली. कोणी परक्या माणसानं मला चांगलं म्हटलं, याचं मला दिवसभर बरं वाटत होतं. आता तो दिवस आठवला की तेच सगळ्यात जास्त टोचतं.

त्याच आठवड्यात पाझर तलावाच्या खालच्या अंगाला नळासाठी जी नवी विहीर खोदली होती, तिच्यावर मोटार लावून दिवसभर पाणी उपसून बघितलं. पौषात तलावात पाणी असतंच, त्यामुळे विहीर हटली नाही, पाणी तळाला गेलं नाही. शेळ्या वळणारे एक म्हातारे तिथं काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, चैतात या. मंग बघा हिची गंमत."

"आजोबा, त्याचं गणित असतं," साहेब हसून म्हणाले.

"असू द्या की. इहिरीला कुठं येतंय ते?"

सगळे हसले, साहेबसुद्धा. तेव्हा मीही पदराआड हसले होते. पाणी जास्त असतानाच पाणी मोजलं आणि माणसं कमी असतानाच माणसं मोजली, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

पुढच्या आठवड्यात मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढायचा आणि तो बायांनी काढायचा, असं साहेबांनी सांगितलं. बाया एकमेकींना ढकलायला लागल्या. सरपंचबाई म्हणाल्या, "हिला काढू द्या, हिचा हात चांगलाय." माझी रांगोळी बरी असते हे खरं आहे. खाली बसून काढायची, मान वर करायची नाही, बोलायचं नाही. त्यात मला भीती वाटली नाही.

रस्ते पांढऱ्या रांगोळीचे काढले. ओढ्याला कपड्याची नीळ टाकली. घरांसाठी विटकरीचा भुगा होता, एकेका घराला एकेक चिमूट. अख्खं गाव माझ्या हाताकडं बघत होतं. ओढा ओलांडून मी माळावरची नऊ घरंही काढली, जावेचं घर कडेला, बोरीच्या अंगाला. मग साहेब म्हणाले, "आता ज्या घरात नळ द्यायचाय, त्याच्यावर हळद टाका." ते यादी वाचत गेले आणि मी चिमूट चिमूट हळद टाकत गेले. गावठाण पिवळं झालं. शाळा झाली, देऊळ झालं, मळ्यातली घरं झाली.

"वस्ती बंद," साहेब म्हणाले. "ती नऊ सोडा."

तेव्हा मला कळलं. माझ्या हातात हळदीची वाटी होती आणि समोर विटकरीचे नऊ ठिपके. साहेब पुढचं वाचायला लागले होते. मी हात लांब केला आणि जावेच्या घरावर हळद टाकली.

साहेबांनी बघितलं. "ताई, ते बंद आहे ना? तुम्हीच दाखवलं होतं."

मी वाटी त्या ठिपक्यापाशी तशीच धरून ठेवली.

"जावंचं घर हाय ते," सरपंचबाईंचे मालक म्हणाले. "हळद उरली वाटतं वहिनीकडं."

"तोंडानं बोलना, हातानं बोलतीया बघा," मागून कोणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

मला सांगायचं होतं, माणसं परत येत्यात. तीनच शब्द होते. पण एवढी माणसं होती आणि सगळी माझ्याकडंच बघत होती. माझे कान तापले. साहेब खाली वाकले आणि रुमालाच्या टोकानं ती हळद त्यांनी हळूच झटकली. "फोटोत घोळ नको," ते म्हणाले. रागावले नाहीत.

गावातल्या बाकीच्यांना वस्ती माहीत नव्हती असं नाही. पण वस्तीचं कोणी सभेत नव्हतं, आणि जो तो आपल्या गल्लीत नळ कुठून येणार ते बघत होता. मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणणार नाही. फोटो निघाला. मग कागद फिरला आणि कमिटीच्या माणसांनी सह्या केल्या. माझी सही पाचवी होती. कागदावर वरच्या ओळीत बरेच शब्द होते. एक लांबलचक शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला, स्थलांतरित. त्याच्याखाली सगळीकडं शून्य होतं. शाळेत पक्ष्यांच्या धड्यात हा शब्द आला होता असं मला आठवलं. म्हटलं, पाण्याच्या कागदावर पक्षी कशाला?

चैत्र लागला आणि वस्तीतली माणसं परत आली. एवढ्या लवकर काम निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण पंधरा दिवसांत जेसीबी आला आणि पाइपासाठी चारी खणायला लागला. चारी रोज थोडी थोडी ओढ्याकडं सरकत होती. आक्का संध्याकाळी घागर घेऊन आली की चारीच्या कडेला उभी राहायची आणि म्हणायची, "उद्या ओढ्यापाशी येतीया. परवा आमच्याकडं."

ओढ्याच्या अलीकडं एक बाभळ आहे. तिथपर्यंत चारी आली आणि जेसीबी माघारी वळला. वस्तीतल्या बाया त्याला आडव्या झाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, माझ्याकडं हितपतुरच लिवलंय. मला कशाला धरताय?"

बाया माझ्याकडं वळल्या. आक्का म्हणाली, "अगं, तू कमिटीत हायेस ना?"

"इच्यारते," मी म्हटलं.

सरपंचबाईंच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, साहेबांकडं जावं लागेल. मालकांना म्हटलं तर ते म्हणाले, "जाऊन काय व्हनार?" मग मीच जीपमध्ये बसून एकटी तालुक्याला, पाथर्डीला गेले. तिकडं मी बाजाराला जाते, पण ऑफिसात कधी गेले नव्हते. बाकड्यावर सकाळपासून बसले. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांचं लक्ष गेलं.

"तुम्ही हळदवाल्या ताई ना?"

त्यांनी मला आत बसवलं, चहा मागवला. मी वाटेत जीपमध्ये जे घोकलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. वस्तीला पाइप न्हाई आला. माणसं आल्यात. नऊ घरं हायेत. माझ्या जावेला जड उचलायचं न्हाई.

साहेबांनी फाइल काढली. माणशी पंचावन्न लिटर धरतात, त्याला गावातल्या माणसांनी गुणायचं, त्यावरून टाकी केवढी ते ठरतं, टाकीवरून मोटार, मोटारीवरून पाइप. ते पेन्सिलनं मला काढून दाखवत होते. शाळेतल्या गुरुजींसारखं, समजेल असं. वस्ती उंचावर आहे. आता नुसता पाइप वाढवला तर पाणी तिथं चढणार नाही, आणि चढलं तर खालच्या घरांना पुरणार नाही. सगळं मंजूर झालं आहे. वेगळा प्रस्ताव करून पाठवता येईल.

"कवा व्हईल?"

"पाठवू आपण. कधी होईल ते मी कसं सांगू?"

मग त्यांनी यादी माझ्याकडं फिरवली. वस्तीच्या नऊ ओळी होत्या आणि नऊ वेळा 'बंद' लिहिलेलं होतं. त्याच्या शेजारच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. तो लांबलचक शब्द.

"हा रकाना तुमच्याच लोकांसाठी होता, ताई. कामासाठी बाहेर गेलेले आणि परत येणारे. ह्याच्यात आकडा पडला असता तर ती माणसं धरली गेली असती. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

मी त्या शब्दाकडं बघत राहिले. आमच्यात त्याला ऊसतोडीला गेले म्हणतात. कारखान्यावर गेले म्हणतात. तो शब्द आमचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही बंद म्हणालात, म्हणून मी बंद लिहिलं," साहेब म्हणाले. पुन्हा तोच हळू आवाज.

"बंद हुती," मी म्हटलं. "ओस न्हवती."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "फॉर्मात ओस असं काही नाही, ताई."

चहा तसाच राहिला. परतीच्या जीपमध्ये मला बसायला जागा मिळाली, एवढंच त्या दिवसाचं बरं झालं.

घरी आल्यावर मी आक्काला सांगितलं की प्रस्ताव पाठवणार आहेत. बाकीचं सांगितलं नाही. आमच्या दारात तोटी बसली. तिसऱ्या दिवशी तासभर पाणी यायचं. वैशाखात विहीर हटली, मग आठवड्यानं यायला लागलं. आधी उन्हाळ्यात वस्तीजवळच्या आडात टँकर यायचा. त्या वर्षी तो आला नाही, कारण गावाला नळ झाला म्हणून टँकरच्या यादीतून गावच निघालं. हातपंप तर उन्हाळ्यात नुसता खडखड वाजतो.

मग वस्तीतल्या बाया आमच्या तोटीवर यायला लागल्या. आळीतल्या बायांना ते आवडलं नाही. "आमचं पानी कमी व्हतंय," असं मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. मी माझं भांडं मागं ठेवायची आणि आक्काची घागर आधी लावायची. भरली की मी ती उचलायला जायची.

"सोड, मी नेते."

"आक्का, तुमाला जड—"

"हितनं वरपतुर तू नेशील. आन् तिकडं मोळी कोण, तू येऊन उचलनार हायेस?"

असं म्हणून ती हसायची, पण ओढ्यापर्यंत मला घागर घेऊ द्यायची. चढाला ती स्वतः घ्यायची, कारण वस्तीतल्या बायांनी बघितलेलं तिला आवडत नसे. मी खाली उभी राहून बघायची. पूर्वी तीन वेळा थांबायची, आता पाच वेळा थांबायला लागली होती. प्रत्येक वेळी ती थांबली की मला वाटायचं, आता हाक मारून सांगावं. सगळा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. प्रस्तावाचं मी सरपंचबाईंच्या मालकांना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी गिरणीवर ते म्हणाले, "वहिनी, तुमी लई बोलाय लागला." गिरणीवरची माणसं पुन्हा हसली.

दिवाळी झाली. सकाळी ट्रॅक्टर दारापुढं थांबला. बाया उतरल्या, चाव्या दिल्या. आक्का सगळ्यात शेवटी आली. तिनं चावी माझ्या हातावर ठेवली आणि मी हात मिटलाच नाही.

"आक्का, तुमच्याकडं पाइप आला न्हाई तो माझ्यामुळं."

"काय?"

"साहेब आल्ते तवा मी सांगितलं, बंद हाय म्हनून. त्यांनी तसं लिवलं. घरं धरलीच न्हाईत."

ती माझ्याकडं बघत राहिली. वरून तिचा नवरा ओरडला, "ए, चल की, मुकादम बोंबलतोय." तिनं त्याला हातानं थांब म्हटलं. मला वाटलं, आता ही बोलेल. मला तिची बोलणी खायचीच होती.

"मग दुसरं काय सांगायचं हुतं?" ती म्हणाली. "बंदच हुतं की."

"आवं, पन—"

"कुलूप हुतं. चावी तुझ्याकडं हुती. बंदच म्हंत्यात त्याला." तिला खरंच काही वेगळं दिसत नव्हतं. माझ्या हाताची बोटं तिनं चावीवर मिटवली. "आन् यंदा संक्रांतीला माझ्या उंबऱ्याला हळद जरा जास्त लाव. मागल्या खेपंला आलो तवा समदी पुसल्याली हुती."

मी हो म्हटलं. ती एका हातानं ट्रॉलीची फळी धरून आणि दुसरा हात पोटावर ठेवून वर चढली. ती चिडली असती तर मला रडता तरी आलं असतं. ट्रॅक्टर वळणापलीकडं गेला. त्या दिवशी पाण्याची पाळी होती. मी आत आले तेव्हा तोटी भरून वाहत होती आणि बादली केव्हाच भरली होती. मी तोटी बंद केली. हिरव्या काठाची चिंधी विटली होती, तरी तीच राहू दिली, आणि चावी खिळ्याला लावली.